शून्याची जागा

व्यापारी घरातल्या मुलाला शून्याची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. रकमेच्या उजवीकडे एक शून्य चढले की हजाराचे दहा हजार होतात, आणि डावीकडे कितीही शून्ये मांडली तरी रक्कम जागची हलत नाही. कीर्द असो वा खतावणी, हा नियम कुठेही मोडत नाही.

दूरध्वनीच्या क्रमांकात मात्र हाच नियम उलटा होतो. तिथे मधले किंवा शेवटचे शून्य हा इतर आकड्यांसारखाच एक आकडा असतो. खरे सामर्थ्य असते ते डावीकडच्या शून्यात. सुरुवातीला शून्य नसेल तर हाक गावातल्या गावात राहते. एक शून्य असेल तर ती गावाची वेस ओलांडते, आणि दोन शून्ये असतील तर थेट देशाची सीमा ओलांडते. हाताने क्रमांक फिरवणाऱ्या माणसाला हे सवयीने कळते. संगणकाला ते कोणीतरी सांगावे लागते, आणि सांगताना एका शून्याची चूक झाली तर तिची किंमत पेढीला मोजावी लागते.

बहुतेक पेढ्यांवर हिशेबासाठी संगणक आला. विंडोज एक्सपी असलेल्या संगणकात मोडेम बसवलेला असेल आणि त्याला दूरध्वनीची तार जोडलेली असेल, तर त्यावरून फॅक्सही पाठवता येतो. टंकलेल्या पत्राला छपाईची आज्ञा द्यायची आणि छपाईयंत्राच्या जागी ‘फॅक्स’ हा पर्याय निवडायचा, एवढेच काम असते. कागद वाचतो, अक्षर स्वच्छ उमटते, आणि पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत आपोआप साठून राहते. थर्मल कागदावरची अक्षरे वर्षभरात पुसट होतात, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

परंतु अनेक ठिकाणी एकच तक्रार ऐकू येते. गावातल्या गावात फॅक्स बिनचूक जातो, परगावचा मात्र जात नाही. मग दोष मोडेमला दिला जातो, संगणक विकणाऱ्याला दिला जातो, आणि शेवटी जुने फॅक्स यंत्र माळ्यावरून खाली येते. वस्तुतः गावातला फॅक्स जातो आहे, याचाच अर्थ मोडेम, तार आणि संगणक तिन्ही धडधाकट आहेत. बिघाड यंत्रात नसून संगणकाला दिलेल्या माहितीत आहे.

एका पेढीची गोष्ट

सांगलीच्या हळदपेठेतील एका जुन्या अडत पेढीत घडलेली गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. पेढीचा कारभार थोरले काका पाहतात. पुतण्याने पदवी घेतल्यावर पेढीवर संगणक आणला आणि मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांचे फॅक्स क्रमांक त्यांच्या पत्रकागदांवरून पाहून संगणकाच्या वहीत उतरवून घेतले. दिवसभर दूरध्वनी सौद्यांत गुंतलेला असतो, म्हणून भावाची पत्रे रात्री, लाइन मोकळी झाल्यावर आपोआप जावीत अशी योजना केली. सांगलीतले फॅक्स जात राहिले. मुंबईचे आणि पुण्याचे मात्र ‘उत्तर नाही’ असा शेरा घेऊन परत येऊ लागले. पुतण्याने ते सकाळी जुन्या यंत्रावरून पाठवायला सुरुवात केली आणि संगणकाचे निवांतपणे पाहू असे म्हणून विषय बाजूला ठेवला.

पुढचे दूरध्वनीचे देयक आले तेव्हा काकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. देयकात परदेशी कॉल लागले होते, तेही इजिप्तचे. सगळे रात्रीचे, काही मिनिटांच्या अंतराने केलेले आणि प्रत्येकी अगदी थोड्या वेळाचे. पेढीचा इजिप्तशी कसलाही व्यवहार नव्हता. रात्री पेढीवर मुक्कामाला असे तो एक तरुण गुमास्ता, खेड्यातून आलेला आणि दोन वर्षांपासून विश्वासाने काम करणारा. कोणी उघड बोलले नाही. पण दूरध्वनीला कुलूप आले, गल्ल्याची किल्ली त्याच्याकडे देणे बंद झाले, आणि मुलाला जे समजायचे ते समजले.

“काका, त्याला काही विचारायच्या आधी मला एकदा देयक द्या,” पुतण्या म्हणाला. बँकेच्या पासबुकाचा आणि रोजकीर्दीचा मेळ घालावा तसा त्याने देयकातील प्रत्येक कॉलचा मेळ संगणकातील फॅक्सच्या नोंदींशी घातला. वेळा मिनिटामिनिटाला जुळल्या. मग त्याने देयकातील क्रमांक पाहिला. सुरुवातीला ००२०२ होते आणि पुढे सात आकडे. ते सात आकडे त्याच्या ओळखीचे होते. पुण्याच्या एका मसाला व्यापाऱ्याच्या फॅक्स क्रमांकाचे ते शेवटचे सात आकडे होते.

उलगडा असा झाला. पुण्याचा एसटीडी कोड पत्रकागदावर ०२० असा छापलेला असतो, आणि पुतण्याने तो संगणकाच्या ‘एरिया कोड’च्या चौकटीत जसाच्या तसा लिहिला होता. पण परगावचा क्रमांक लावताना आधी शून्य जोडायचे, हे संगणकाला मुळातच ठाऊक असते. त्याने इमानाने आपले एक शून्य पुढे जोडले. पुतण्याचे एक आणि संगणकाचे एक अशी दोन शून्ये झाली, आणि दोन शून्यांचा अर्थ दूरसंचार केंद्राच्या लेखी परदेश. त्यापुढचे २० म्हणजे इजिप्तचा देश-क्रमांक. त्यापुढचे २, जे पुण्याच्या क्रमांकाचे पहिले अक्षर होते, ते इजिप्तमध्ये कैरो शहराचा विभाग-क्रमांक ठरले. कैरोतल्या कोणाच्या तरी घरी रात्री घंटा वाजत होती. कोणी रिसीव्हर उचलला की कानावर मोडेमची शिट्टी पडत होती आणि तो माणूस फोन ठेवत होता. संगणक आपल्या नियमाप्रमाणे थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करत होता.

काकांनी गुमास्त्याला बोलावले आणि दिवाणजींच्या समोर देयक व नोंदी दोन्ही त्याला दाखवल्या. “तुझ्यावर संशय घेतला गेला, ते चुकीचे होते,” एवढेच ते म्हणाले आणि गल्ल्याची किल्ली त्याच्या हाती दिली. देयकाची रक्कम मात्र भरावीच लागली. कॉल खरोखरच झाले होते. लावणाऱ्याचा हेतू काय होता, हे केंद्राला विचारता येत नाही.

तीन शून्ये, तीन मालक

या गोष्टीतून जो नियम निघतो तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. दूरध्वनीत डावीकडे येणारी शून्ये एकाच प्रकारची नसतात. त्यांचे मालक वेगवेगळे असतात.

पहिले शून्य पेढीच्या स्वतःच्या इंटरकॉमचे, म्हणजे ईपीएबीएक्सचे. मोठ्या पेढ्यांत आणि कारखान्यांत बाहेरची लाइन मिळवण्यासाठी आधी ० किंवा ९ दाबावे लागते. हा आकडा घरातल्या घरात संपतो. दूरसंचार केंद्रापर्यंत तो पोहोचतच नाही.

दुसरे शून्य दूरसंचार केंद्राचे. आपल्या गावाबाहेरच्या क्रमांकासाठी ते लावावे लागते. मुंबईचा कोड मुळात २२ आहे, पुण्याचा २०, सांगलीचा २३३, कोल्हापूरचा २३१. आपण ०२२ किंवा ०२३३ म्हणतो, तेव्हा त्यातले शून्य त्या गावाचे नसते. ते गावाबाहेर पडण्याच्या दाराचे असते. सवयीने ते कोडाला इतके चिकटले आहे की पत्रकागदावरही तसेच छापले जाते.

तिसरे म्हणजे जोडशून्य. देशाबाहेर पडण्याचे ते दार. त्यापुढे देश-क्रमांक, मग त्या देशातील शहराचा कोड आणि शेवटी क्रमांक.

हे मालक एकमेकांत मिसळले की काय होते, ते पाहण्यासाठी आपल्या ओळखीच्या शहरांचे कोड पुरेसे आहेत. शून्यासकट लिहिलेल्या कोडाला संगणकाने आणखी एक शून्य जोडले, तर मुंबईच्या ‘२’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाची हाक २२२, म्हणजे आफ्रिकेतील मॉरिटानिया या देशाकडे वळते. सांगलीची हाक घानाकडे (२३३), कोल्हापूरची लायबेरियाकडे (२३१), इचलकरंजीची मॉरिशसकडे (२३०), नाशिकची जिबूतीकडे (२५३) आणि सुरतेची मादागास्करकडे (२६१) वळते. चेन्नईचा ४४ हा ब्रिटनचा, कोलकात्याचा ३३ फ्रान्सचा आणि हैदराबादचा ४० रुमानियाचा देश-क्रमांक आहे. लाइनवर परदेशी कॉलची सोय नसेल, तर केवळ ध्वनिमुद्रित सूचना वाजते आणि फॅक्स परत येतो. सोय असेल, तर देयक येते.

इंटरकॉमच्या शून्याचा घोळ याहून सूक्ष्म असतो. समजा, संगणकाची तार इंटरकॉमवर आहे, पण बाहेरची लाइन मिळवण्याचा आकडा संगणकात भरायचा राहून गेला. संगणक मुंबईसाठी ०२२ आणि पुढचा क्रमांक लावतो. त्यातले शून्य इंटरकॉम आपले समजून गिळतो. केंद्राकडे जातात ते २२पासूनचे आकडे. सांगलीत क्रमांक सात आकडी असल्यामुळे केंद्र पहिल्या सात आकड्यांवरच गावातल्या कोणाची तरी घंटा वाजवते. मुंबईच्या व्यापाऱ्याला पत्र मिळत नाही आणि सांगलीतील एखादे कुटुंब रोज शिट्ट्या ऐकते.

याच्या उलटही घडते. संगणक इंटरकॉमवरून काढून थेट लाइनवर जोडला जातो, पण आत भरलेला ‘०’ पुसला जात नाही. मग परगावच्या प्रत्येक क्रमांकापुढे दोन शून्ये लागतात आणि पुन्हा परदेशाचे दार उघडते.

संगणकाला गाव सांगावे

हे टाळण्यासाठी संगणकाला तो कुठे बसला आहे ते एकदा नीट सांगावे लागते. ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये ‘फोन अँड मोडेम ऑप्शन्स’ उघडल्यावर ‘डायलिंग रूल्स’ हे पान दिसते. तिथे ठिकाणाचे नाव निवडून ‘एडिट’ दाबले की पुढील गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

१. देश. तिथे भारतच असावा. बसवताना घाईने पुढे गेल्यामुळे अनेक संगणकांवर अमेरिका तशीच राहून जाते. अमेरिकेत परदेशासाठी ०११ लावतात. आपल्याकडे ०११ हा दिल्लीचा कोड आहे. अशा संगणकावरून मुंबईला लावलेला फॅक्स दिल्लीच्या केंद्राकडे जातो आणि तिथे वाट चुकतो. भारत निवडला की परगावासाठी ० आणि परदेशासाठी ०० ही माहिती संगणकाकडे तयारच असते. ती वेगळी भरावी लागत नाही.

२. आपल्या गावाचा कोड. तो शून्याविना लिहावा. सांगलीकराने २३३, कोल्हापूरकराने २३१. इथे शून्य लिहिले, तर संगणकाला आपले गावही ओळखू येत नाही आणि तो शेजारच्या दुकानाचा क्रमांकही परगावचा समजून लावतो.

३. बाहेरची लाइन मिळवण्याचा आकडा. यासाठी दोन चौकटी असतात, एक गावातल्या कॉलसाठी आणि दुसरी लांबच्या कॉलसाठी. इंटरकॉम असेल तर दोन्ही भराव्यात. थेट लाइन असेल तर दोन्ही रिकाम्या ठेवाव्यात. एक भरलेली आणि एक रिकामी, हे गावातला फॅक्स जाण्याचे व परगावचा न जाण्याचे नेहमीचे कारण आहे. इंटरकॉमला लाइन द्यायला क्षणभर लागत असेल तर आकड्यापुढे स्वल्पविराम द्यावा. मोडेमच्या भाषेत स्वल्पविराम म्हणजे थोडा थांबा, सहसा दोन सेकंदांचा.

४. कॅरिअर कोडच्या चौकटी रिकाम्या ठेवाव्यात. कॉल वेटिंग बंद करण्यासाठी यादीत जे तारांकित आकडे दिसतात तेही निवडू नयेत. *७० हा संकेत अमेरिकेतील केंद्रांचा आहे. इथे तो क्रमांकापुढे लागला तर पुढचे सगळेच निरर्थक होते.

५. टोन की पल्स. इलेक्ट्रॉनिक केंद्रावर ‘टोन’ ठेवावे.

काही मार्गांवर, उदाहरणार्थ पुणे-मुंबई, पूर्वी शून्याऐवजी ९५ लावण्याची सवलतीची सोय होती. तिच्यासाठी प्रत्येक क्रमांक बदलत बसावे लागत नसे. त्याच ठिकाणी ‘एरिया कोड रूल्स’ हे पान आहे. तिथे कोड २२ असेल तर आधी ९५ लावावे आणि कोडही लावावा, असा एक नियम लिहिला की मुंबईच्या सर्व क्रमांकांना तो आपोआप लागू होत असे.

पत्ता त्याचा, वाट आपली

यापुढची पायरी फॅक्स क्रमांकांच्या वहीची. येथे एक तत्त्व पाळावे. क्रमांक हा समोरच्या व्यापाऱ्याचा पत्ता आहे, आणि शून्ये ही आपल्या दारापासूनची वाट आहे. पत्ता वहीत लिहावा. वाट ‘डायलिंग रूल्स’मध्ये लिहावी. दोन्ही एका ठिकाणी लिहू नयेत.

म्हणून वहीत देश भारत, कोड २० आणि पुढे आठ आकडी क्रमांक, अशी तीन वेगळी घरे भरावीत. २००३ च्या क्रमांक योजनेनुसार कोड आणि क्रमांक मिळून दहा आकडे होतात: मुंबई-पुण्याचे दोन आणि आठ, सांगली-कोल्हापूरचे तीन आणि सात. ही बेरीज प्रत्येक नोंदीला करून पाहावी. अकरा आकडे भरले, तर एक शून्य चोरपावलांनी आत आले आहे असे समजावे. नऊ भरले, तर जुना क्रमांक उतरवला गेला आहे. पुण्याचा ०२१२ हा जुना कोड काही पत्रकागदांवर आढळत असे.

फॅक्स पाठवताना क्रमांकाच्या पानावर ‘यूज डायलिंग रूल्स’ अशी एक चौकट असते. तिच्यात खूण केली तरच वर लिहिलेले नियम वापरले जातात. खूण नसेल तर क्रमांकाच्या घरात जे आकडे असतील तेच जसेच्या तसे लागतात. पुष्कळजण कंटाळून हाच मार्ग धरतात: खूण काढतात आणि शून्यासकट सगळे हाताने लिहितात. एखाद्या दिवसासाठी ते चालते. पण उद्या इंटरकॉम बदलला किंवा संगणक दुसऱ्या शाखेत गेला, की वहीतील शंभर नोंदी शंभर वेळा दुरुस्त कराव्या लागतात. नियमांत वाट लिहिलेली असेल तर दुरुस्ती एकच.

लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्या तरुण भावंडांना हे अधिक लागू आहे. सांगलीचे ठिकाण ठरवलेला लॅपटॉप मुंबईच्या शाखेत जोडला, तर तो स्वतःला सांगलीतच समजतो आणि शेजारच्या इमारतीलाही ०२२ लावतो. सांगलीच्या पेढीला मात्र कोडाविना हाक मारतो. ‘डायलिंग रूल्स’मध्ये मुंबईसाठी वेगळे ठिकाण करून ठेवावे, त्यात कोड २२ लिहावा, आणि गाडीतून उतरल्यावर घड्याळ पाहावे तसे ते ठिकाण निवडावे.

शून्ये बरोबर असूनही

सर्व नोंदी बिनचूक असताना फॅक्स जात नसेल, तर संगणक बाजूला ठेवून त्याच तारेला साधा दूरध्वनी जोडावा आणि तेच आकडे हाताने लावावेत. पलीकडून फॅक्सची शिट्टी ऐकू आली तर लाइन निर्दोष आहे. ‘ही सुविधा आपल्या दूरध्वनीवर उपलब्ध नाही’ अशा अर्थाची सूचना ऐकू आली, तर एसटीडीला कुलूप लावलेले आहे. व्यापारी घरांत ते हटकून असे. माणसाच्या कानाला ती सूचना कळते. मोडेमला केवळ एवढेच कळते की पलीकडे फॅक्स यंत्र नाही, आणि तो ‘उत्तर नाही’ असा शेरा देतो. मोडेमच्या गुणधर्मांच्या पानावर त्याच्या आवाजाची कळ असते. तपासणीच्या काळात तो आवाज मोठा ठेवावा. अर्धे निदान कानानेच होते.

‘डायल टोन नाही’ असा शेरा येत असेल आणि रिसीव्हरमध्ये मात्र टोन ऐकू येत असेल, तर इंटरकॉमचा टोन मोडेमला ओळखता येत नाही असे समजावे. त्याच पानावर ‘वेट फॉर डायल टोन बिफोर डायलिंग’ अशी खूण आहे. ती काढून टाकली की मोडेम टोनची वाट न पाहता क्रमांक लावतो.

ब्रॉडबँड घेतलेल्या पेढ्यांत आणखी एक गैरसमज दिसतो. ब्रॉडबँडचे जे यंत्र दिले जाते त्यालाही मोडेम म्हणतात, पण त्यातून दूरध्वनीचा क्रमांक लावता येत नाही. फॅक्ससाठी संगणकातला जुना मोडेमच लागतो, आणि ब्रॉडबँडसोबत फिल्टर मिळाला असेल तर त्याची तार त्यातून घ्यावी लागते.

परदेशाचे क्रमांक

हिऱ्यांच्या किंवा मसाल्यांच्या व्यापारातील पेढ्यांना परदेशी क्रमांकही लागतात. तिथेही तोच नियम आहे: त्या देशातील दाराचे शून्य आपण लावू नये. बेल्जियममध्ये राहणारा माणूस अँटवर्पसाठी ०३ लावतो. आपण मात्र देश-क्रमांक ३२ आणि कोड ३ एवढेच लिहावे. पत्रकागदावर कंसात छापलेले (०) हे तिथल्या लोकांसाठी असते. इटली याला अपवाद आहे. तिथे शून्य क्रमांकाचाच भाग असल्याने मिलानसाठी देश-क्रमांक ३९ पुढे ०२ हे शून्यासकटच लिहावे लागते. एका देशाचा अनुभव दुसऱ्या देशाला लावू नये, हे हिशेबात जितके खरे तितकेच येथेही.

पोच वाचावी

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ‘फॅक्स गेला’ असा शेरा आला म्हणजे तो योग्य ठिकाणी गेला असे नव्हे. क्रमांक चुकून दुसऱ्या कोणाच्या फॅक्स यंत्राला लागला, तर तेही यंत्र पत्र आनंदाने स्वीकारते आणि संगणक समाधानाने ‘गेला’ म्हणतो. भाव, उधारीचे उतारे, बँकेच्या खात्याचा तपशील हे सगळे परक्याच्या टेबलावर जाऊन पडते. बँका फॅक्सवरील सूचनेवर व्यवहार करण्याआधी ग्राहकाकडून हमीपत्र घेतात, ते अशाच कारणांनी.

संगणकातील ‘सेंट आयटम्स’च्या नोंदीत पलीकडच्या यंत्राने पाठवलेली ओळख दिसते, ती बहुधा त्या पेढीचा क्रमांक किंवा नाव असते. नवा क्रमांक वहीत चढवला की पहिला फॅक्स एका ओळीचा, निरुपद्रवी मजकुराचा पाठवावा आणि ती ओळख वाचावी. ती कोरी असेल तर दूरध्वनीवरून पत्र मिळाल्याची खात्री करावी. त्यानंतरच भावपत्रके आणि उतारे पाठवावेत. रात्री आपोआप जाणाऱ्या पत्रांच्या यादीत तर तपासून न पाहिलेला क्रमांक कधीही घालू नये, कारण तेव्हा चूक ऐकायला जागे कोणी नसते.

आणि दूरध्वनीच्या देयकात अनोळखी देश दिसला, तर पेढीवरच्या माणसांकडे पाहण्याआधी तो क्रमांक सुटा करून वाचावा. दोन शून्ये, त्यापुढे देश-क्रमांक आणि उरलेले आकडे. उरलेले आकडे एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाचे निघाले, तर दोष कोणाच्या नियतीचा नसतो. एका शून्याची जागा चुकलेली असते, आणि ती दुरुस्त करायला पाच मिनिटे पुरतात. तुटलेल्या विश्वासाला तेवढ्यात सांधा बसत नाही.